गुरुवारची ओपीडी: फुप्फुसाच्या कर्करोगाबरोबर साखर, दमा आणि मूत्रपिंडही पाहणारे बेळगावातील एक रुग्णालय

बेळगावातील एका खासगी कर्करोग रुग्णालयात दर गुरुवारी दुपारी दोन वाजल्यापासून एक संयुक्त ओपीडी चालते. कर्करोगतज्ज्ञ, छातीचे डॉक्टर, मधुमेह पाहणारे फिजिशियन आणि हृदयरोगतज्ज्ञ असे चौघे त्या दिवशी एकाच मजल्यावर बसतात, आणि ज्या रुग्णाला फुप्फुसाच्या कर्करोगाखेरीज दुसरेही जुनाट आजार आहेत, त्याची फाइल चौघांच्या टेबलांवरून फिरून संध्याकाळपर्यंत एका निर्णयाला येते. थोरल्या बंधूंना घेऊन गेल्या तेरा महिन्यांत मी या ओपीडीत एकवीस वेळा गेलो आहे. पाचपैकी चार तारे देतो. पाचवा का देत नाही, ते पुढे येईलच, आणि त्या तक्रारींमुळेच रुग्णालयाचे नाव येथे लिहीत नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षे दिवाणजी होते. वय ६७. विडी मिसरूड फुटण्याआधीपासूनची. वखारीतील धूळ वेगळीच. मी लहानपणी डबा घेऊन जात असे तेव्हा दारातच ठसका लागायचा आणि आतल्या बायका पदर नाकाला लावूनच काम करत असायच्या. अण्णांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे, गाठ सापडण्याच्या दीड वर्ष आधी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला आहे, आणि ज्याला आम्ही घरात ‘अण्णांचा दमा’ म्हणत होतो तो प्रत्यक्षात विडीने झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार आहे, हे येथे आल्यावर कळले. म्हणजे फुप्फुसात गाठ सापडली त्या दिवशी अण्णांच्या नावावर तीन आजार आधीच होते. चौथा, मूत्रपिंडाचा, कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

गाठ सापडायलाही उशीर झाला, आणि त्यालाही जुनाट आजारच कारण झाला. ज्याला वर्षानुवर्षे खोकला आहे त्याचा खोकला वाढला, तर घरच्यांना त्यात नवे काही वाटत नाही. थुंकीतून रक्त पडू लागल्यावर एका गावच्या दवाखान्यात एक्स-रेवर डाग पाहून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी दोन महिने त्या चालल्या. आपल्याकडे क्षय इतका सर्वत्र आहे की फुप्फुसाच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण आधी याच वाटेने जातात. त्या दोन महिन्यांत अण्णांची साखर एकाएकी चढली, आणि त्याचे कारण मला गुरुवारच्या ओपीडीत कळले: क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध यकृताला इतके कामाला लावते की मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरातून लवकर निकामी होऊन बाहेर पडतात. कर्करोगावरील काही गोळ्यांचेही हेच होते. छातीच्या डॉक्टरांनी म्हणूनच पहिल्या पाच मिनिटांत विचारले होते की क्षयाचे औषध नेमके कोणत्या तारखेला बंद केले. तोवर हा प्रश्न आम्हांला कोणी केला नव्हता.

बायोप्सीचा अहवाल आल्यावर आम्ही आधी एका मोठ्या शहरात गेलो होतो. तेथील डॉक्टरांनी सीटी स्कॅन दिव्याच्या पाटीवर लावला, फाइल चाळली आणि सांगितले की वय झाले आहे, साखर आहे, हृदयाचे झालेले आहे, दमा आहे. हे सोसणार नाही, घरी न्या आणि सांभाळा. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी चार आजारांची एकच मोळी बांधली आणि ती पाहून उपचार नाकारला. बेळगावच्या ओपीडीने ती मोळी सोडली आणि एकेक काटकी निराळी करून पाहिली. माझ्या दृष्टीने या सेवेचे सारे मोल एवढ्यात आहे.

पहिल्या गुरुवारी डॉक्टरांच्या आधी एका सिस्टरशी गाठ पडते. अपॉइंटमेंट देतानाच फोनवर सांगितले जाते की घरातील सगळ्या गोळ्या पिशवीसकट आणा, चिठ्ठ्या नकोत. सिस्टर गोकाककडच्या, मराठी बोलताना मध्येच कानडी हेल काढणाऱ्या. त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली आणि पत्ते मांडावेत तशी पाकिटे ओळीने मांडली. चौदा प्रकार निघाले. त्यांत एक तांबडी गोळी अशी होती की जिचा उल्लेख कोणत्याच चिठ्ठीत नव्हता.

“मामा, ही कशाची ओ?”

“खांदा दुखतंय म्हणून मेडिकलवाल्यानं दिलीया. रोज दोन घेतोय की.”

ते डायक्लोफिनॅक होते, मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे वेदनाशामक. पाच महिने, दिवसाला दोन, मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडावर. आणि खांदा दुखत होता तो संधिवाताने नव्हे. फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी असलेली गाठ तेथल्या नसांना डिवचत होती. सिस्टरांनी ते पाकीट बाजूला काढून त्यावर लाल पेनने फुली मारली. त्याच पिशवीत रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या होत्या. स्टेंट बसवल्यावर ठराविक काळ दोन्ही आणि नंतर एकच असे त्यांचे गणित असते, पण दुसरी कधी थांबवायची हे कोणी न सांगितल्याने अण्णा दोन्ही घेत होते, आणि थुंकीतून जाणारे रक्त त्यामुळे वाढत होते. हृदयरोगतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे पाहून त्यांतील एक त्याच दिवशी कायमची बंद केली. हृदयाच्या बाबतीत सांगण्यासारखे एवढेच. इको बरा निघाला आणि ते टेबल आमच्यापुरते लवकर आटोपले.

त्यानंतर कर्करोगतज्ज्ञांनी केसपेपरच्या पाठीवर एक छोटी बेरीज मांडली, ती मी जपून ठेवली आहे. जुनाट आजारांचे वजन मोजण्याच्या दोन पद्धती त्यांनी समजावून सांगितल्या. एक चार्लसन निर्देशांक, १९८७ साली अमेरिकेत मेरी चार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला. त्यात एकोणीस आजार आहेत, हृदयविकाराचा झटका, सीओपीडी किंवा साधा मधुमेह यांना प्रत्येकी एक गुण, मध्यम किंवा गंभीर मूत्रपिंडविकाराला दोन, असे. दुसरी पद्धत खास फुप्फुसाच्या कर्करोगासाठी २००५ साली कोलिने आणि सहकाऱ्यांनी दिलेली सोपी गुणसंख्या. तीत धूम्रपानाला सात, मधुमेहाला पाच, मूत्रपिंड कमजोर असल्यास चार, आणि श्वसनाचे आजार, हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार, पूर्वीचा दुसरा कर्करोग, दारूचे व्यसन यांना प्रत्येकी एक गुण आहे. एकूण वीस. नऊच्या वर गेल्यास आयुष्यमान कमी राहण्याकडे कल दिसतो. अण्णांची बेरीज सात, पाच, चार, एक आणि एक अशी अठरा झाली.

आकडा ऐकून मी गप्प झालो. अण्णांना मात्र भलतेच सुचले.

“विडीचं सात म्हणता, तर आता सोडली तर सात कमी होतील काय?”

“नाही अण्णा, ते मागचे धरतात.”

“मग सोडून उपेग काय?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितले की ही बेरीज ज्या शरीराला आजार झाला त्या शरीराची आहे; पण पुढचे सहा आठवडे लाइट (म्हणजे किरणोपचार) आणि केमो चालू असताना घसा आणि फुप्फुस किती सुजतील, न्यूमोनिया होईल की नाही, श्वास किती पुरेल, हे आजपासून विडी ओढता की नाही यावर ठरेल. निदानानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचे दिवस चालू ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक निघतात, हेही त्यांनी सांगितले. अण्णांनी कोटाच्या खिशातला विड्यांचा कट्टा तेथेच टेबलावर ठेवला नाही, नाटकीपणा त्यांच्या स्वभावात नाही. तो परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्याकडे दिला, आणि त्यानंतर निकोटिनच्या च्युइंगगमवर दोन महिने काढले.

हीच गुणसंख्या हाती धरून कोणी रुग्णाला घरी पाठवू शकतो, आणि हीच हाती धरून कोणी कामाला लागू शकतो. मधुमेह किंवा सीओपीडी यांचा आयुष्यमानावर नेमका किती परिणाम होतो याबाबत सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांत बहुधा धडधाकट रुग्णच घेतले जातात, मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असलेले वगळले जातात, आणि मग त्या चाचण्यांचे निष्कर्ष अण्णांसारख्यांना लावताना डॉक्टरांना अंदाजच बांधावा लागतो. परिणाम तीन वाटांनी होतो, असे त्यांचे सांगणे होते. काही रुग्ण कर्करोगाने नव्हे तर त्या दुसऱ्या आजारानेच जातात. काहींना दुसऱ्या आजारामुळे पूर्ण उपचार देता येत नाही. आणि काहींना उपचार दिला तरी त्याचे दुष्परिणाम अधिक भोगावे लागतात. गाठ लहान, पहिल्या टप्प्यातली असेल तर पहिली वाट महत्त्वाची ठरते, कारण शस्त्रक्रियेने कर्करोग आटोक्यात येतो आणि मग हृदय किंवा श्वास हेच पुढचे आयुष्य ठरवतात. चौथ्या टप्प्यात कर्करोगच इतका पुढे गेलेला असतो की बाकीच्या आजारांचा वाटा त्यामानाने झाकला जातो. अण्णा मधल्या, तिसऱ्या टप्प्यात होते. गाठ उजव्या वरच्या भागात आणि छातीच्या मध्यभागातील लसिकाग्रंथींत. अशा रुग्णाला उपचार पूर्ण मिळतो की अर्धवट, यावर बरेच काही अवलंबून असते.

मूत्रपिंडाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आमच्या आधीच्या तीन ठिकाणी निसटली होती. अण्णांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, पहिल्या दिवशी १.५ आले आणि डायक्लोफिनॅक बंद केल्यावर दोन आठवड्यांनी १.३. प्रयोगशाळेच्या कागदावर १.३ पुढे धोक्याच्या खुणेचा तारासुद्धा नव्हता. मी निश्चिंत झालो, पण डॉक्टरांनी तो कागद घेऊन मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १४० मधून वय वजा केले, उरलेल्या ७३ ला अण्णांच्या ५२ किलो वजनाने गुणले, आणि आलेल्या संख्येला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागले. उत्तर ४१ च्या आसपास आले. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त क्रिएटिनिनपासून स्वच्छ करते याचा हा अंदाज. वयस्क, वाळलेल्या माणसाच्या अंगात स्नायूच कमी असल्याने क्रिएटिनिन कमी तयार होते, आणि अहवाल साधारण दिसत असतानाही मूत्रपिंड निम्म्यावर आलेले असते.

या ४१ वरून औषध ठरले. फुप्फुसाच्या कर्करोगात सिस्प्लाटिन हे जुने आणि खणखणीत औषध आहे, पण त्यासाठी हा आकडा साधारण ६० तरी असावा लागतो. शिवाय मूत्रपिंड वाचवण्यासाठी त्याबरोबर बाटल्यांमागून बाटल्या सलाइन चढवावे लागते, जे कमजोर हृदयाला झेपत नाही. ते कान आणि पायांच्या नसाही बिघडवते. त्याऐवजी कार्बोप्लाटिन द्यायचे ठरले. त्याची मात्रा थेट मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून काढतात: त्या आकड्यात २५ मिळवायचे आणि ठरवलेल्या तीव्रतेने गुणायचे. दर आठवड्याच्या हलक्या मात्रेसाठी ती तीव्रता २ असते, म्हणून ४१ अधिक २५, गुणिले २, म्हणजे १३२ मिलिग्राम. केमोच्या पहिल्या दिवशी बाटलीवरच्या चिठ्ठीवर मी तोच आकडा पाहिला आणि बँकेत तीस वर्षे बेरजा जुळवत बसल्याने असेल, पण मला फार बरे वाटले.

शस्त्रक्रियेचा विचार छातीच्या डॉक्टरांच्या टेबलावर संपला. नळीत जोराने फुंकण्याची जी तपासणी असते, तीत अण्णांची पहिल्या सेकंदातील फुंकर १.१ लिटर निघाली, अपेक्षेच्या ४२ टक्के. फुप्फुसाचा एक खंड काढायचा तर सर्वसाधारणपणे दीड लिटरच्या वर फुंकर असावी लागते. येथवर कोणत्याही चांगल्या रुग्णालयात हेच झाले असते. वेगळे झाले ते पुढे. शस्त्रक्रिया नाही म्हटल्यावरही फुंकर सुधारण्याचे काम त्यांनी सोडले नाही, कारण लाइट दिल्यावर फुप्फुसाला सूज येऊ शकते आणि आधीच अपुरा श्वास असलेला माणूस ती सूज सोसू शकत नाही. अण्णांकडे दम्याचा पंप सहा वर्षे होता. तंत्रज्ञ मुलीने त्यांना तो घेऊन दाखवायला सांगितला. अण्णांनी पंप तोंडात धरला, दाबला, आणि मग श्वास घेतला. ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर आला.

“अण्णा, हा जो धूर दिसला नव्हं, तेच औषध. छातीत जायचं ते हवेत गेलं बघा.”

सहा वर्षे औषध हवेत जात होते. तिने स्पेसर नावाचे प्लास्टिकचे भांडे लावून, सावकाश श्वास आत घेऊन दहापर्यंत मोजायला लावले, चार वेळा करून घेतले, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा परीक्षा घेतली. महिन्याभरात अण्णा बेळगावातील शहापूरच्या आमच्या घराचा जिना मध्ये न थांबता चढू लागले. तो जुलैचा महिना होता; बेळगावच्या पावसात ज्यांना दमा आहे त्यांना यातले अप्रूप कळेल.

उपचार सहा आठवडे चालला: आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे लाइटच्या ३० मात्रा, एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप), आणि दर सोमवारी केमो. निपाणीहून रोज ७५ किलोमीटर जाणे-येणे शक्य नव्हते, म्हणून अण्णा माझ्याकडे राहिले. सहापैकी पाच केमो झाल्या. सहावी पांढऱ्या पेशी उतरल्याने दिली नाही. लाइटचे नियोजन करताना चांगले फुप्फुस आणि हृदय यांवर किती मारा पडेल, याचे चित्र आम्हांला स्क्रीनवर रंगांत दाखवले गेले.

या काळात खरा छळ साखरेने केला. पॅक्लिटॅक्सेल या केमोतील दुसऱ्या औषधाची ॲलर्जी होऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देतात. ते स्टिरॉइड आहे, आणि मधुमेही माणसाची साखर त्याने त्याच संध्याकाळी चढते. फिजिशियनांनी सोमवार-मंगळवारसाठी इन्सुलिनचा वेगळा तक्ता आणि बाकी दिवसांसाठी वेगळा, असे आधीच लिहून दिले होते. पॅक्लिटॅक्सेलने पायांच्या नसा बधिर होतात आणि मधुमेहाने त्या आधीच बधिर असतात. अण्णांच्या पायातून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे, ते दोन पावले पुढे जाऊन मागे वळून पाहत. म्हणून दर आठवड्याला पायाला कंप पावणारा चिमटा लावून तपासत आणि चौथ्या आठवड्यात मात्रा थोडी उतरवली.

मात्र याच साखरेच्या प्रश्नावर रुग्णालयाने मला निराश केले. दुसऱ्या केमोच्या रात्री साडेअकराला अण्णांची साखर ४१२ होती, तोंड कोरडे पडले होते आणि ते सारखे पाणी मागत होते. फाइलच्या मुखपृष्ठावर ठळक छापलेला चोवीस तासांचा क्रमांक चाळीस मिनिटे कोणी उचलला नाही. शेवटी ड्यूटीवरचे डॉक्टर बोलले, ते असे: “कर्करोगाचा काही त्रास असेल तर सांगा, साखरेचे तुमच्या फिजिशियनला विचारा.” ज्या संस्थेने चार आजार एका कागदावर आणले, तिच्याच रात्रपाळीला तो कागद दाखवलेला नव्हता. आमच्या गल्लीतील एका डॉक्टरांनी येऊन इन्सुलिन वाढवले आणि पहाटेपर्यंत दर दोन तासांनी तपासले. मी लेखी तक्रार दिली. आता ड्यूटीरूममध्ये गुरुवारच्या रुग्णांची यादी लावलेली असते असे सांगतात. मी ती पाहिलेली नाही.

आहाराचा छापील तक्ताही पाहण्यासारखा आहे. त्यात ओट्स, ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोली आहे. निपाणीच्या दिवाणजीसमोर तो ठेवल्यावर त्यांनी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. त्याहून गंभीर अडचण अशी की मधुमेहाच्या जुन्या पथ्यानुसार अण्णा भात, केळे, गूळ काही खात नव्हते आणि वजन उतरतच होते, ५९ वरून ५२. कर्करोगात वजन उतरणे स्वतःच आयुष्य कमी करणारे आहे, त्यामुळे साखरेचे पथ्य सैल करून औषध वाढवणे हे अधिक शहाणपणाचे, हे फिजिशियनांनी तोंडी सांगितले. तक्त्यात त्याचा मागमूस नव्हता. शेवटी माझ्या पत्नीने नाचणीची आंबील, दोन अंडी, ज्वारीची मऊ भाकरी दुधात कुस्करून, आणि रात्री मुगाची पातळ खिचडी असे सुरू केले. वजन ५२ वर थांबले, आणि हिवाळ्यात ५४ झाले.

भाषेचे सांगायला हवे. फलक कानडी आणि इंग्रजीत आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. राज्याचा तो नियम आहे आणि बोलायला मराठी सगळ्यांनाच येते. पण घरी गेल्यावर कोणती गोळी कधी, कोणत्या लक्षणाला घाबरायचे, हे लिहिलेले डिस्चार्ज कार्ड फक्त इंग्रजीत देतात. ते ना कानडी म्हातारीला वाचता येते ना मराठी म्हाताऱ्याला. सिस्टर प्रत्येक गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देतात. इतक्या आजारांच्या औषधांवर तेवढ्याने भागत नाही.

थांबावे लागते, दुपारी दोनची वेळ म्हणजे साडेतीन धरून चालावे. तळघरातील औषध दुकानात एकच खिडकी आहे.

खर्चाबाबत. अण्णांचे बीपीएल कार्ड असल्याने आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेतून लाइट आणि केमोचा बराच भार उतरला. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतची ती मर्यादा आहे. निपाणीला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, आणि आमचे निम्मे नातेवाईक तिकडे, त्यामुळे तेथेच का नेत नाही असे सगळे विचारत होते. कार्ड कर्नाटकाचे असल्याने येथे मंजुरीचे काम एका खिडकीवर झाले, हे त्याचे साधे उत्तर. ओपीडीची फी, इन्सुलिन, पंप आणि काही तपासण्या मात्र खिशातून. लाइट-केमोनंतर वर्षभर देण्याचे डुर्व्हालुमॅब नावाचे इंजेक्शन आहे; तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी ते घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ३३.४ टक्के हयात होते. डॉक्टरांनी हे आकडे सांगितले, किंमतही सांगितली, आणि आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे न पाहता उठलो. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, यालाही मी सौजन्यच समजतो.

वेदना आणि धाप यांसाठीच्या पॅलिएटिव्ह विभागात त्यांनी पहिल्याच महिन्यात पाठवले, तेव्हा मला तो शेवटाचा संकेत वाटला होता. तेथील डॉक्टर बाईंनी सांगितले की २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना सुरुवातीपासून अशी सेवा मिळाली त्यांच्यातील निम्मे ११.६ महिन्यांहून अधिक जगले, आणि ज्यांना फक्त नेहमीचा उपचार मिळाला त्यांच्यातील निम्मे ८.९ महिन्यांहून अधिक. खांद्याच्या दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकच्या जागी मॉर्फिनची छोटी गोळी तिथूनच सुरू झाली. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसात मॉर्फिनही साचते, म्हणून अगदी कमी मात्रा आणि दोन मात्रांमध्ये जास्त अंतर. अण्णा पाच महिन्यांनंतर प्रथमच उजव्या कुशीवर झोपले.

जे जाणार असतील त्यांच्यासाठी: गुरुवारी सकाळी अकरालाच नाव नोंदवावे. जुने एक्स-रे फेकून न देता आणावेत, कारण छातीचे डॉक्टर चार वर्षांपूर्वीचा डाग आणि आजचा डाग शेजारी ठेवून पाहतात. क्षयाचे औषध झाले असल्यास त्याच्या तारखा लिहून न्याव्यात. साखर मोजण्याची वही न्यावी. गोळ्यांची पिशवी न्यावी, मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेल्यांसह, आणि रुग्णाला त्यावरून कोणी रागावणार नाही असे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तांबडी गोळी घरीच राहते.

परवाच्या गुरुवारी अण्णांचा चौथा स्कॅन झाला. गाठ होती तिच्या एक तृतीयांश आहे आणि तीन महिने तशीच आहे. फुंकर १.२ लिटर. क्रिएटिनिन १.३. वंटमुरीचा घाट उतरताना त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि संकेश्वरच्या बाजूने चढून येणारे ढग बघत पाच मिनिटे बाहेर उभे राहिले. पुढची तारीख दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारची आहे.